काडीमोड, स्टॅम्पपेपर आणि बाबासाहेबांचा राजीनामा



शिंदखेडा तालुक्यातल्या एखाद्या वस्तीत विहाराच्या ओट्यावर बैठक बसलेली असते. मुलाकडचे पाच, मुलीकडचे पाच, मध्ये दोन-तीन जाणती माणसे आणि बहुतेक वेळा आपल्यातलाच एखादा कार्यकर्ता. नवरा सुरतेला उधन्यात कामाला, बायको दीड-दोन वर्षांपासून माहेरी. चहा होतो, आवाज चढतात, उतरतात. शेवटी कोणीतरी म्हणतो, "आता ताणू नका, मोकळं करा दोघांना." मग स्टॅम्पपेपर येतो. पूर्वी तो शंभराचा असे, आता पाचशेचा असतो. त्यावर लिहिले जाते की आजपासून आमचा नवरा-बायकोचा संबंध उरला नाही, दोघांनीही वाटेल तिथे लग्न करावे, कोणाची हरकत नाही. मुलाबद्दल एक ओळ असते: मुलगा बापाकडे, मुलगी आईकडे. खाली सह्या, अंगठे, साक्षीदार. घेतलेल्या वस्तू परत, दिलेली भांडी परत. बैठक उठते. सगळ्यांना वाटते, फारकत झाली.

आम्हाला विचाराल तर काहीच झालेले नसते. कायद्याने ती दोघे कालही नवरा-बायको होती, आजही आहेत. आणि ज्या मुलांना त्या कागदावर वाटून दिले, त्यांना तर कोणी विचारलेलेही नसते.

हा लेख त्या कागदाचा इतिहास सांगण्यासाठी आहे. कारण हा कागद आपण नवा समजतो, पण तो जुनाच आहे. जातपंचायतीची काडीमोडच स्टॅम्पपेपरचे कपडे घालून आपल्या विहाराच्या ओट्यावर येऊन बसली आहे. आणि जी चळवळ हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले हे अभिमानाने सांगते, तिचेच कार्यकर्ते त्या कागदावर साक्षीदार म्हणून सही करतात.

दोन कायदे, दोन तुरुंग

ब्राह्मणी धर्मशास्त्रात घटस्फोट नव्हता. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे की नवऱ्याने विकली काय किंवा टाकली काय, बायको त्याच्यापासून मुक्त होत नाही. बाबासाहेबांनी १९५१ च्या 'हिंदू स्त्रियांची उन्नती आणि अवनती' या लेखात नेमक्या याच नियमावर बोट ठेवले. नवरा तिला टाकू शकतो, ती मात्र सुटू शकत नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जे पुस्तक जळाले त्यात हाही नियम होता, हे आपण भाषणात क्वचितच सांगतो.

आपल्या जातींत, म्हणजे शूद्र आणि अस्पृश्य ठरवलेल्या जातींत, गोष्ट वेगळी होती. काडीमोड होती, सोडचिठ्ठी होती, पाट लावण्याची रीत होती. पंचांसमोर काडी मोडली की नाते तुटले. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्यानंतर थोड्याच वर्षांत आर्थर स्टील या अधिकाऱ्याने दख्खनमधल्या जातींचे रिवाज गोळा करून ग्रंथरूपात छापले. त्यात काडीमोड आणि पाट यांच्या नोंदी आहेत. म्हणजे घटस्फोट ही पाश्चात्त्यांकडून आलेली गोष्ट आहे असे जे लोक आजही सांगतात, त्यांनी आपल्या गावाकडची जुनी माणसे विचारावीत.

पण म्हणून आपल्या आज्या-पणज्या स्वतंत्र होत्या का? इथे आपण स्वतःची फसवणूक करू नये. काडी मोडायची की नाही हे ठरवणारे पंच पुरुष होते. दंड किती, तो कोणी भरायचा, पाट कोणाशी लावायचा, पोरे कोणाकडे ठेवायची, हे सगळे तेच ठरवत. सवर्ण बाईला दारच नव्हते. आपल्या बाईला दार होते, पण त्याची किल्ली पंचांच्या कमरेला होती.

त्यात इंग्रजी कोर्ट आले आणि गुंता वाढला. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत कलम ४९४ आले: पहिला जोडीदार जिवंत असताना दुसरे लग्न करणे हा गुन्हा. पुरुषाला याची झळ लागत नव्हती, कारण हिंदू पुरुषाची दुसरी-तिसरी बायको तेव्हा कायदेशीरच होती. झळ लागली ती बाईला. १८६४ मध्ये 'राणी विरुद्ध करसन गोजा' या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने गुजरातमधल्या एका कोळी जातीची रूढी नाकारली. त्या रूढीप्रमाणे बाई नवऱ्याच्या संमतीशिवाय त्याला सोडून दुसरे लग्न करू शकत होती. १८७६ मध्ये 'राणी विरुद्ध शंभू रघू' या खटल्यात त्याच न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले की एखादे लग्न रद्द ठरवण्याचा किंवा बाईला पुन्हा लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार कोर्ट मानत नाही. जातीने संमती दिली म्हणून मी हे प्रामाणिकपणे केले, हा बचावही चालणार नाही.

हे वाक्य पुन्हा वाचा. पंचांनी परवानगी दिली, तरी गुन्हेगार तूच. १८७६ सालचा हा निकाल आहे. आणि आपण आजही विहाराच्या ओट्यावर तीच परवानगी वाटतो आहोत.

रखमाबाईंचा खटला याच काळातला. लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जाण्यास त्यांनी नकार दिला. दादाजी भिकाजीने १८८४ मध्ये दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला, पण अपिलात चित्र पालटले आणि मार्च १८८७ मध्ये नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने कैद भोग, असा हुकूम झाला. रखमाबाई म्हणाल्या, कैद चालेल. अखेर १८८८ मध्ये पैसे घेऊन दादाजीने माघार घेतली. रखमाबाई पुढे डॉक्टर झाल्या. पण नीट पाहा: एवढे लढूनही कायद्याने त्यांना घटस्फोट मिळाला नाही, कारण तो कायद्यात नव्हताच. नवऱ्याने तडजोड केली म्हणून त्या सुटल्या. हक्क वेगळा आणि तडजोड वेगळी. आपली बैठक फक्त तडजोड देते.

नागपूर, २० जुलै १९४२

आता एका अशा तारखेकडे येऊ जी आपल्या कॅलेंडरवर असायला हवी. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे. बाबासाहेब हजर होते. हजारो बाया आल्या होत्या, त्यातल्या बऱ्याच जणी मजूर. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' या ग्रंथात हा इतिहास जपून ठेवला नसता तर तो आपल्या हाती लागला नसता. या परिषदेने जे ठराव केले त्यात दोन असे होते: बाईला नवऱ्यापासून काडीमोड घेण्याचा हक्क कायद्याने मिळावा, आणि पुरुषाने अनेक बायका करण्याला कायद्याने बंदी व्हावी.

आमचा प्रश्न असा आहे: ज्या बायांच्या जातीत काडीमोड आधीपासून होती, त्या कायदा का मागत होत्या?

उत्तर त्यांना चांगले माहीत होते. रूढीने मिळते ती पंचांची मेहेरबानी. कायद्याने मिळतो तो हक्क. रूढीत बाई हात जोडून उभी राहते आणि पंच विचारतात, "तुझी चूक काय?" कायद्यात ती अर्जदार असते आणि समोरच्याला उत्तर द्यावे लागते. १९४२ च्या आपल्या निरक्षर आज्यांना जो फरक कळला होता, तो आज व्हॉट्सअॅपवर संविधानाची प्रस्तावना पाठवणाऱ्या आपल्याला कळेनासा झाला आहे.

राजीनाम्याच्या आधी आणि नंतर

कायद्याची चाके हळूहळू फिरत होती. १९१९ मध्ये शाहू महाराजांनी करवीर संस्थानात बाईला क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला. १९३१ मध्ये सयाजीरावांच्या बडोद्याने हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. बाबासाहेबांच्या शिक्षणाला हात देणारे हेच दोन राजे, हा योगायोग आम्हाला वाटत नाही. मुंबई प्रांतात १९४६ मध्ये हिंदूंच्या द्विभार्येला बंदी घालणारा आणि १९४७ मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा आला. खानदेश तेव्हा मुंबई प्रांतात होता. म्हणजे १९५५ चा हिंदू विवाह कायदा येण्याच्या आठ वर्षे आधी शिंदखेड्याच्या बाईला कायद्याने घटस्फोट मागता येत होता.

पण देशभरासाठी एक कायदा हवा होता. एप्रिल १९४८ मध्ये हिंदू कोड बिल प्रवर समितीकडे गेले आणि कायदामंत्री म्हणून बाबासाहेबांनी ते अंगावर घेतले. करपात्री महाराजांनी रान उठवले. राजेंद्र प्रसाद विरोधात होते. घटस्फोटामुळे हिंदू कुटुंब मोडेल, धर्म बुडेल अशी ओरड झाली. बाबासाहेबांचे उत्तर मार्मिक होते. त्यांनी सभागृहाला सुनावले की हिंदूंमध्ये बहुसंख्य शूद्र आहेत आणि त्यांच्यात रूढीने घटस्फोट चालतच आला आहे. मग मूठभरांचा नियम सगळ्या समाजावर का लादायचा? म्हणजे ज्या काडीमोडीला वरच्या जाती नाक मुरडत, तिलाच त्यांनी पुराव्याला उभे केले. पण ते तिथे थांबले नाहीत. काडीमोड पंचांच्या हातातून काढून कोर्टात, कारणांसह, बाईच्या हाती द्यायची हा त्यांचा हेतू होता.

सप्टेंबर १९५१ मध्ये सगळे बिल होत नाही तर निदान लग्न आणि घटस्फोट एवढा भाग तरी मंजूर करू असे ठरले. तोही चार कलमांच्या पुढे गेला नाही. २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी राजीनामा दिला. राजीनाम्याची कारणे एकापेक्षा जास्त होती, पण हिंदू कोड बिलाची हत्या हे त्यातले मोठे कारण होते. लक्षात घ्या, शेवटी सभागृहात जो भाग अडकला होता तो लग्न आणि घटस्फोटाचाच होता.

पुढे त्याच बिलाचे तुकडे करून कायदे झाले. हिंदू विवाह कायदा मे १९५५ मध्ये, वारसा कायदा जून १९५६ मध्ये, अज्ञानत्व आणि पालकत्वाचा कायदा ऑगस्ट १९५६ मध्ये. दत्तक आणि पोटगीचा कायदा २१ डिसेंबर १९५६ चा. तो पाहायला बाबासाहेब उरले नव्हते. क्रूरता आणि सोडून जाणे ही कारणे घटस्फोटासाठी पुरेशी धरली जाण्यास १९७६ ची दुरुस्ती यावी लागली. दोघांच्या संमतीने घटस्फोट, म्हणजे कलम १३-ब, हेही तेव्हाच आले. आपण बैठकीत जे करू पाहतो ते कायद्यात १९७६ पासून आहे. मग ते स्टॅम्पपेपरवर का करायचे?

'रूढी आहे ना आपली!'

इथे बैठकीतला हुशार माणूस म्हणतो, हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९(२) मध्ये रूढीने होणारा घटस्फोट चालतो. बरोबर, ते कलम आहे. पण सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितले आहे की जो रूढीचा आधार घेतो त्याने ती रूढी कोर्टात मांडून पुराव्याने सिद्ध केली पाहिजे. ती जुनी, निश्चित आणि अखंड चालत आलेली असली पाहिजे. स्टॅम्पपेपर म्हणजे रूढीचा पुरावा नव्हे.

आणि आपल्यासाठी यात एक वेगळी मेख आहे. हिंदू विवाह कायदा कलम २ प्रमाणे बौद्धांनाही लागू आहे. मग बौद्ध म्हणून आपण कोणती रूढी सांगणार? १४ ऑक्टोबर १९५६ नंतरच्या धम्मात काडीमोडीची जुनी रूढी नाही. आणि जुनीच रूढी सांगायची तर कोर्टासमोर उभे राहून म्हणावे लागेल की आमच्या जातीत पिढ्यान्‌पिढ्या पंच काडी मोडत आले. म्हणजे जी जात आणि जी पंचायत आपण नागपूरला सोडून आलो, तीच घटस्फोटापुरती पुन्हा अंगावर घ्यायची. सकाळी बावीस प्रतिज्ञा आणि संध्याकाळी जातीची रूढी, हे दोन्ही एका तोंडाने बोलता येत नाही.

नोटरीचा शिक्काही उपयोगाचा नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय विधी मंत्रालयाने नोटरींना स्पष्ट बजावले आहे की लग्नाची किंवा घटस्फोटाची कागदपत्रे करणे हे त्यांचे काम नाही.

कागदाची किंमत कोण मोजतो

आता या कागदानंतर काय होते ते पाहू. नवरा सुरतेला दुसरे लग्न करतो. दुसरी बायको बिचारी समजते, सोडचिठ्ठी झालेली आहे. पुढे तिचेही पटत नाही आणि ती पोटगीला जाते. कोर्ट विचारते, पहिल्या लग्नाचा हुकूमनामा कुठे आहे? हुकूमनामा नसतो. म्हणजे पहिले लग्न कायम आणि हिचे लग्नच शून्य. १९८८ मध्ये महाराष्ट्रातल्याच यमुनाबाई आढाव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असेच ठरवले: पहिली बायको असताना झालेल्या लग्नातली बाई फौजदारी कायद्याखाली पत्नी म्हणून पोटगी मागू शकत नाही. २०१३ मध्ये, पुन्हा महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, पहिले लग्न लपवून फसवल्या गेलेल्या बाईच्या बाजूने त्याच न्यायालयाने वाट काढली. पण तिलाही आपण फसलो हे सिद्ध करत सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. आपल्या वस्तीतली कोण जाणार?

पहिल्या बायकोनेही त्या कागदाच्या भरवशावर लग्न केले, तर द्विविवाहाचा गुन्हा तिच्यावरही येऊ शकतो. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ मध्ये आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. १८७६ सालचा शंभू रघू अजून मेलेला नाही.

नवरा सरकारी नोकर असेल आणि उद्या दगावला, तर कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज घेऊन दोन बाया एकाच टेबलासमोर उभ्या राहतात. कायद्याने विधवा पहिली. वीस वर्षे संसार केलेली दुसरी दाराबाहेर. तिच्या मुलांना मात्र कायदा टाकत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ प्रमाणे ती औरस धरली जातात, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बापाच्या वाट्याला येणाऱ्या वडिलोपार्जित मालमत्तेतही त्यांचा हिस्सा आहे. कायदा मुलांचा एवढा विचार करतो. बैठक करते का?

'मुलगा बापाकडे, मुलगी आईकडे'

आम्हाला सर्वात जास्त खुपते ती ही ओळ. भांडीकुंडी वाटावी तशी पोरे वाटली जातात. बहीण-भाऊ वेगळे होतात. मुलगा का बापाकडे? कारण तो वंशाचा दिवा. मुलगी का आईकडे? कारण तिचे लग्न करावे लागेल. हे मनूचे तर्कशास्त्र आहे, फक्त ते निळ्या झेंड्याखाली बोलले जाते.

मुलांच्या ताब्याचा कायदाही सरळ आलेला नाही. १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्यात बापाला झुकते माप होते. बाप नालायक ठरल्याशिवाय दुसऱ्या कोणाला पालक नेमता येत नसे. तरी १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या सरस्वतीबाई वेद खटल्याच्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने लहान मुलासाठी आईला पर्याय नसतो हे मानले आणि मुलाचे हित बापाच्या हक्काच्या वर ठेवले. १९५६ च्या कायद्याच्या कलम ६ मध्ये पालक म्हणून पहिले नाव बापाचे आणि त्याच्यानंतर आईचे आहे. पण पाच वर्षांखालील मूल सर्वसाधारणपणे आईकडे असावे असेही तिथेच लिहिले आहे. आणि कलम १३ सांगते की पालक ठरवताना मुलाचे कल्याण हीच सर्वोच्च गोष्ट. १९९९ मध्ये लेखिका गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'बापानंतर' याचा अर्थ 'बाप मेल्यावर' एवढाच नाही, बाप लक्ष देत नसेल तेव्हाही आई पालक आहे, असा लावला.

म्हणजे शंभर वर्षांत कायदा 'मूल कोणाचे?' या प्रश्नाकडून 'मुलाचे भले कशात?' या प्रश्नाकडे सरकला. आपली बैठक अजून पहिल्याच प्रश्नावर बसली आहे.

स्टॅम्पपेपरवर 'मुलांच्या खर्चाशी माझा संबंध नाही' किंवा 'मी पोटगी मागणार नाही' असेही लिहून घेतात. आईला मुलाचा पोटगीचा हक्क लिहून देता येत नाही, कारण तो हक्क आईचा नसून मुलाचा आहे. पण हे माहीत नसल्याने आया वर्षानुवर्षे शेतमजुरीला जाऊन पोरे वाढवतात आणि कोर्टाची पायरी चढत नाहीत. कागदावर सही केली आहे ना!

यात बापाचेही नुकसान आहे, हे आपल्या तरुण मित्रांनी ऐकावे. मुलगी आईकडे गेली आणि पुढे आईने भेटूच दिले नाही, तर बाप कोणता कागद दाखवणार? कोर्टाच्या हुकुमात भेटीचे दिवस ठरलेले असतात, सुट्टीत मूल कोणाकडे हे लिहिलेले असते, आणि तो हुकूम मोडला तर पुन्हा त्याच कोर्टात जाता येते. मूल मोठे झाले, परिस्थिती पालटली, तर हुकूम बदलूनही मिळतो. स्टॅम्पपेपर मोडला तर काय, पुन्हा बैठक?

'पण कोर्टात न्याय कुठे मिळतो?'

हा प्रश्न खोटा नाही आणि आम्ही तो उडवून लावणार नाही. तारखा पडतात. घटस्फोटाचा अर्ज तालुक्याच्या कनिष्ठ स्तराच्या कोर्टात चालत नाही, त्यामुळे बहुतेकांना धुळ्याला खेपा घालाव्या लागतात. एक खेप म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली आणि वर भाडे. वकील फी मागतो. खटला शक्यतो सहा महिन्यांत संपवावा असे कायदा म्हणतो, पण तसे सहसा होत नाही. कोर्टातही जात आणि पुरुषीपणा नसतो असे आम्ही म्हणणार नाही. बैठक एका संध्याकाळी संपते, त्याची ओढ माणसाला वाटणारच.

पण त्यावर उपाय कायदा सोडणे हा नाही, कायद्यापर्यंत पोचणे हा आहे. आणि ते वाटते तितके अवघड नाही.

पोटगीचा अर्ज आणि कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा अर्ज तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करता येतो. २००५ च्या या कायद्यात कलम २१ आहे. त्याने मुलाचा तात्पुरता ताबा त्याच कोर्टातून मागता येतो. नवरा सुरतेला असला तरी बायकोला सुरतेला जावे लागत नाही. २००३ पासून ती जिथे राहते तिथल्या हद्दीतल्या कोर्टात घटस्फोटाचा अर्ज करू शकते. मुलाच्या ताब्याचा अर्ज मूल नेहमी जिथे राहते तिथे चालतो, म्हणून बापाने पोराला उचलून सुरतेला नेले तरी आईने लगेच हालचाल करावी, वर्ष घालवू नये.

१९८७ च्या विधी सेवा कायद्याने महिला, मुले आणि अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना फुकट वकील मिळतो. इथे उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्या आवारातच असते आणि १५१०० हा मदतीचा क्रमांक आहे. आपल्यातल्या किती जणांनी आजवर एका तरी बाईला तिथपर्यंत नेले? नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या महाराष्ट्रातून गेलेल्या खटल्यात सांगितले की पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून द्यावी आणि दोघांनीही आपली मिळकत प्रतिज्ञापत्रावर सांगावी. म्हणजे जितका उशीर अर्जाला, तितके नुकसान पोरांचे.

आणि कोर्टात गेल्याबद्दल कोणी तुम्हाला वाळीत टाकायची धमकी दिली, पंगतीला बोलावू नका म्हटले, तर महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा २०१६ आहे. तो जुलै २०१७ पासून लागू आहे आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. जातपंचायत कोणाची आहे हे तो कायदा पाहत नाही.

बैठक बंद करू नका, तिचे काम बदला

आम्ही बैठकीच्या विरोधात नाही. दोन घरे समोरासमोर बसून बोलली, शिव्या थांबल्या, भांड्यांचा प्रश्न मिटला, तर ते चांगलेच आहे. पण बैठकीने घटस्फोट देऊ नये. बैठकीने दोघांना संमतीच्या अर्जापर्यंत न्यावे. कलम १३-ब ला दोघे एक वर्ष वेगळे राहिलेले असले पाहिजेत. पुढे सहा महिन्यांची मुदत आहे, तीही योग्य प्रकरणात माफ होऊ शकते असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले आहे. जे बैठकीत ठरले, पोटगी किती, मुले कुठे, भेट केव्हा, शाळेची फी कोणाची, ते सगळे त्या अर्जात लिहा आणि कोर्टाचा शिक्का घ्या. मग तो हुकूमनामा.

मुलांच्या ताब्याची बोलणी होतील तेव्हा त्या खोलीत आई बसलेली असली पाहिजे, ओसरीवर उभी नव्हे. मूल समजत्या वयाचे असेल तर त्याला कोणाच्या धाकाशिवाय बोलू द्या. भावंडे वेगळी करू नका. मुलाचा जन्मदाखला, शाळेचा दाखला, जातीच्या दाखल्याला लागणारी बापाकडची कागदपत्रे यांच्या प्रती त्याच दिवशी दोघांकडे द्या. शिष्यवृत्तीच्या वेळी बापाच्या सहीसाठी पोराला सुरतेचे हेलपाटे पडू नयेत. राज्य सरकारने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचे नाव बापाच्या आधी लावणे बंधनकारक केले आहे. कागदावर आई पुढे आली आहे, आपल्या ओट्यावर कधी येणार?

आणि मुळातच, विहारात लग्न लागले की त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीत नोंदणी करा. १९९८ चा महाराष्ट्राचा नोंदणी कायदा त्यासाठीच आहे. ज्या लग्नाची नोंद नाही ते सिद्ध करण्यात बाईचे निम्मे आयुष्य जाते. १९६५ मध्ये भाऊराव लोखंडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की दुसरे लग्न विधिवत लागले हे सिद्ध झाल्याशिवाय द्विविवाहाचा गुन्हा होत नाही. नवरा सुटला. कागद नसला की पुरुष सुटतो आणि बाई अडकते, हा आपल्या कायद्याच्या इतिहासाचा एका ओळीतला सारांश आहे.

लांडोर बंगल्यावर जाताना

दरवर्षी ३१ जुलैला आपण हजारोंच्या संख्येने लळिंगच्या कुरणातल्या लांडोर बंगल्यावर जातो. १९३७ मध्ये त्या दिवशी बाबासाहेब धुळ्याला आले आणि तिथे मुक्कामाला राहिले, म्हणून. शिंदखेडा, दोंडाईचा, नरडाण्याहून गाड्या भरून जातात. गाणी होतात, भाषणे होतात.

बाबासाहेब धुळ्याला कशासाठी आले होते? कोर्टाच्या कामासाठी. काळा कोट घालून, कागद घेऊन, न्यायाधीशासमोर उभे राहण्यासाठी. ज्या कोर्टात आपल्या बापजाद्यांना वऱ्हांड्याबाहेर उभे केले जात होते, त्या कोर्टात ते आपल्या बुद्धीवर आत गेले. आणि आपण त्यांचा मुक्काम साजरा करून परत येतो आणि दुसऱ्या दिवशी एका बाईला सांगतो, "कोर्टात काय ठेवलं आहे, चार माणसांत मिटवून टाक."

या ३१ जुलैला आपण एक ठराव करू या. आमच्यापैकी कोणीही यापुढे सोडचिठ्ठीच्या स्टॅम्पपेपरवर साक्षीदार म्हणून सही करणार नाही. कोणी कागद पुढे केला तर त्या दोघांना घेऊन आम्ही विधी सेवा समितीत जाऊ. १९४२ मध्ये नागपूरच्या मंडपात आपल्या आज्यांनी ठराव केला होता. तो अजून अमलात यायचा आहे, आणि तो आपल्या ओट्यावरच अडला आहे.

जय भीम!